सुट्टीच्या भागातलं तिसरं पत्र

सुट्टीच्या भागात यानाच्या छतावरून जो बर्फ पडतो, तो कपड्यांच्या साबणाचा चुरा होता. त्यानं सगळ्यांना इतक्या शिंका आल्या की परग्रहावरच्या पाहुण्याचं नाक दोनदा गळून पडलं. ही गंमत क्रमांक एक. यानाच्या खिडकीतले तारे म्हणजे काळ्या पडद्याला दाभणानं पाडलेली भोकं आणि मागे एक बल्ब. प्रेक्षक चाळीस वर्षं ज्याला धूमकेतू म्हणत आले, तो त्या बल्बवर आलेला किडा होता. ही क्रमांक चार. दार सरकण्याचा आवाज रंगभूषेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खणाचा, ही नऊ.

अशा एकवीस गमती तिला तपासून द्यायच्या होत्या. जुनी अंतराळमालिका धुऊनपुसून पुन्हा बाजारात येणार होती, आणि सर्वांत लाडक्या भागाबरोबर एक पुस्तिका द्यायची होती. प्रत्येक गंमत ‘माहीत आहे का?’ अशी सुरू व्हायची. लिहिणारे दुसरे होते, तिचं काम तपासायचं. दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय ती कुठलीही गोष्ट पुढे जाऊ देत नसे. एक साक्षीदार मिळाला की समासात पेन्सिलीनं एक खूण, दुसरा मिळाला की दुसरी. एकाच खुणेवर अडकलेली गोष्ट कितीही गोड असो, ती खोडून टाकायची. ऑफिसात तिला खोडरबर म्हणत, आणि तिलाही त्याचं मनातून बरं वाटे.

हे काम घेऊ नये असं तिला वाटलं होतं. त्या मालिकेत तिचे बाबा सामानवाले होते. यानात दिसणारं प्रत्येक कागदपत्र, नकाशा, पत्र त्यांच्या हातचं. आणि सुट्टीच्या भागाचं चित्रण चालू होतं त्याच दिवशी तिची धाकटी बहीण तापानं गेली होती. धाकटी सात वर्षांची, ती स्वतः अकराची.

त्या सकाळी आई खालच्या दुकानातून स्टुडिओत फोन करायला गेली होती. आई म्हणे, साडेअकरालाच निरोप दिला, तरी हा माणूस शॉट सोडून आला नाही. बाबा म्हणत, मला संध्याकाळी कळलं. त्यानंतर एका घरात राहून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मरताना मोठीचा हात धरून म्हणाली, “त्यांना माहीत होतं, विसरू नकोस.” मोठी विसरली नाही. बाबा आता शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात होते. गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं: शेवटचे दिवस तुझ्याकडे काढू दे. तिनं मागची खोली झाडून ठेवली होती, पण अजून हो म्हटलं नव्हतं. आधी तिला खरं काय ते हवं होतं. निरोप खरंच मिळाला नसेल, तर ती दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन येणार होती.

धाकटी झोपेतच गेली, एवढी एक गोष्ट मात्र घरात वादाची नव्हती. ती मोठीनंच आईला सांगितली होती.

क्रमांक चौदा होती कप्तानाच्या पत्राची. त्या भागात अकरा वर्षं रखडलेलं टपाल यानावर पोहोचतं, सुट्टीच्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाला घरचं पत्र मिळतं. कप्तान आपलं पत्र दिव्यासमोर धरून मनात वाचतो आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. ते पाणी खरं होतं, असं सगळे सांगत. कप्तान झालेला नट सहा वर्षांपूर्वी वारला. पत्रात काय होतं, असं कुणी विचारलं की तो इतकंच म्हणे, “ते मला आलेलं नव्हतं.” लोक ही त्याची नम्रता समजत.

त्या दिवशी जेवणानंतर डागवाल्यानं तिला खाली बोलावलं. जुन्या फिल्मवरचे डाग आणि ओरखडे एकेक चित्र घेऊन पुसणारा हा माणूस दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसे आणि भिंतीशी बोलल्यासारखा बोले.

“खोडरबर, तुमच्या बाबांची एक चोरी पकडलीय. पत्र वाचता येतंय आता.”

“टीव्हीवर तर नुसता पांढरा चौकोन दिसायचा.”

“तेव्हाच्या टीव्हीवर. आता मागच्या दिव्यामुळे अक्षरं आरपार दिसतात. उलटी आहेत, मी चित्र फिरवून घेतलं. वाचा.”

बाबांचं ते घोटीव वळण तिनं लगेच ओळखलं. *डबा वापरण्यापूर्वी चांगला ढवळावा. मुलांच्या हाती लागू देऊ नये. झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवावे.* रंगाच्या डब्यावरच्या सूचना. कप्तान त्या वाचून गहिवरला होता. तिला हसू आलं. बाबांची ही खोडच होती, कुणी वाचणार नाही म्हटल्यावर ते हाताशी येईल ते उतरवत. प्रत्येक कागदाच्या ते तीन सारख्या प्रती करत, एक चुरगळली तर दुसरी हवी म्हणून, आणि कोपऱ्यात बारीक आकडा घालत.

“हा पहिला टेक,” डागवाला म्हणाला. “दुसऱ्यातही हेच आहे. भागात घेतला तो तिसरा. त्यात वेगळंय.”

त्यानं तिसरा टेक लावला. सुरुवातीच्या पाटीवर खडूनं वेळ लिहिली होती, तीन वाजून चाळीस मिनिटं. कप्तानानं कागद दिव्यासमोर धरला. अक्षरं मोठी होती, वाकडी होती. त्यांच्यावरची रेघ शब्द संपला तरी पुढे गेलेली होती.

ती पडद्याजवळ सरकली.

धाकटी असंच लिहायची. आधी पट्टीनं लांब रेघ ओढायची, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायची, आणि रेघ उरली की तशीच सोडून द्यायची. शाळेतल्या बाईंनी किती वेळा रागावून पाहिलं. असं लिहिणारं दुसरं कुणी तिला चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं.

*बाबा, तुम्ही फोन घेतला तेव्हा साडेअकरा वाजले होते. तुम्ही म्हणालात एवढा शॉट होऊ दे. मी वाट बघितली. मी झोपले नव्हते.*

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, पण तिच्यावर कप्तानाचा अंगठा होता. पहिला शब्द तेवढा दिसत होता. *ताई.*

“तुमच्या बाबांनी लहान मुलीचं अक्षर छान काढलंय,” डागवाला म्हणाला. ती अजून खालची ओळ बघत होती. तो पुढे म्हणाला, “एक सांगू? काल मी हेच चित्र पुसत होतो तेव्हा अंगठा खालची सगळी ओळ झाकत होता. आज एक शब्द दिसतोय. मी हात लावलेला नाही.”

“काल नीट पाहिलं नसेल तुम्ही.”

“असेल,” तो म्हणाला, पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

ती तशीच बसनं वृद्धाश्रमात गेली. चारचा चहा नुकताच होऊन गेला होता. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर हात ठेवून. ते हात आता इतके थरथरत की सही करायलाही अंगठा उठवावा लागे. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी भरून, दोरीनं बांधून ठेवलेली तिला दिसली. न्यायला आलीय असं त्यांना वाटलं असावं.

“बाबा, कप्तानाचं पत्र वाचलं मी. एकच विचारते. खरं सांगा. निरोप कधी मिळाला?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. आवारातल्या दोरीवर चादरी वाळत होत्या.

“साडेअकराला,” ते म्हणाले.

चाळीस वर्षांचं भांडण या एका शब्दानं मिटलं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही.

“ताप तर गेले चार दिवस होता, बाळ. मला वाटलं आणखी दोन तासांनी काय होतंय. दोन टेक झाले. मग साडेतीनला दुसरा फोन आला. ती गेली म्हणून. तिसऱ्या टेकला नवी प्रत हवी होती. मी नेहमी तीन करतो. त्या दिवशी दोनच केल्या होत्या, आणि फोननंतर हात चालेना. मी कप्तानाला कोरा कागद दिला.”

“कोरा?”

“साफ कोरा. त्यानं वाचला. तू बघितलंयस, कसा रडला तो. शॉट झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, हे कुणी लिहिलं? मी कागद उलटसुलट करून दाखवला त्याला. काही नव्हतं त्यावर.”

बाहेर कुणीतरी चादरी काढायला आलं होतं.

“तो मला म्हणाला, खालची ओळ तुला नाही. तुझ्या मोठीला विचार.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. “मी कधी विचारलं नाही. अकरा वर्षांचं पोर तू. म्हटलं, घरात एकावर बोट आहे तेवढं पुरे. ते माझ्यावरच राहू दे.”

“बाबा...”

“आता विचारतो. पुन्हा विचारणार नाही. काय होतं त्यात तुझ्याबद्दल?”

तिला धाकटीच्या खोलीचं दार आठवलं. वरच्या कडीपर्यंत हात पोहोचायला स्टूल लागे. दुपारी डॉक्टरला आणायला जाताना आई सांगून गेली होती, लागण होईल, उगाच आत बसू नकोस, पण तिनं हाक मारली तर पाणी दे. स्टूल तिच्या हातात होतं. पेला भरलेला होता. आतून येणारा आवाज धाकटीचा वाटत नव्हता, घोगरा, मोठ्या माणसासारखा होता, आणि ती घाबरली होती. आवाज थांबला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

“काही नव्हतं,” ती म्हणाली. “सगळं तुमच्याबद्दलच होतं.”

बाबांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले.

“मग नेतेस ना मला?”

“बघते,” ती म्हणाली आणि पेटीकडे न बघता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डागवाल्याकडे गेली. अंगठा आणखी सरकला होता. *ताई दाराशी* इतकं वाचता येत होतं.

“पुसून टाका,” ती म्हणाली.

“पत्र?”

“सगळं. बाबा सांगतात कागद कोराच होता. तेच खरं. कोरा करा.”

“दोन साक्षीदार लागतात ना तुम्हाला?” त्यानं चेष्टेनं विचारलं, पण तिच्या तोंडाकडे बघून कामाला लागला. दुपारपर्यंत त्यानं चित्रामागून चित्र घेऊन कागद पांढरा स्वच्छ केला. तिनं शेजारी बसून डोळ्यात तेल घालून शेवटपर्यंत तपासलं. कप्तानानं कोरा कागद दिव्यासमोर धरला. कोरा कागद वाचून तो रडला.

क्रमांक चौदा तिनं यादीतून खोडली आणि तिच्या जागी रोबोटच्या चाकांची गंमत घातली. एकवीसच्या एकवीस राहिल्या.

त्या आठवड्यात ती वृद्धाश्रमात गेली नाही. तिथून दोनदा फोन आला, तिनं कामाचं निमित्त सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला तो सकाळी सव्वानऊला, आणि त्यात बाबांची पेटी कधी घेऊन जाणार, असं विचारलं होतं.

बाबांचं सगळं आटोपून ती पंधरा दिवसांनी ऑफिसात परतली. टेबलावर छापखान्यातून आलेली कच्ची पानं पडली होती. शिपायानं चहा आणून ठेवला, डागवाला दारात उभा राहून दोन शब्द बोलून गेला. खिडकीतून ऊन येत होतं. तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि तपासायला घेतलं.

बर्फ, दोन खुणा. धूमकेतू, दोन खुणा. कपाटाचा खण. रोबोटची चाकं. सगळं जागच्या जागी होतं.

एकविसावी गंमत संपली तरी पान संपलं नव्हतं.

खाली त्याच टाइपात, त्याच आकारात आणखी एक छापलेली होती.

*२२. माहीत आहे का? पाणी मागितलं तेव्हा ताई दाराशीच उभी होती.*

शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ तिथे थांबली नव्हती. ती तशीच पुढे, समासापर्यंत गेली होती.

समासात पेन्सिलीची एक खूण होती. दुसरीची जागा रिकामी होती.