खेकड्याचे पाय

"बाई, माझा पहिला नंबर चोरीला गेलाय," रूपी म्हणाली आणि खुर्चीत न बसता उभीच राहिली.

डहाणू रोड स्टेशनासमोरच्या लॉजच्या माडीवर वसुमतीबाईंचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. १९९१च्या त्या मे महिन्यापर्यंत तिथे हरवलेल्या सायकली आणि पळून गेलेले जावई, एवढीच प्रकरणं यायची. मदतीला शांताराम, रेल्वेचे निवृत्त बुकिंग क्लार्क. माणूस सज्जन, पण डोकं मालगाडीच्या वेगाने चालायचं.

"नंबर कसा चोरतात?" शांतारामांनी विचारलं.

रूपी रानशेतच्या पाड्यावरची. दहावीची परीक्षा देऊन बसलेली. एका विज्ञान मंडळाने जीवशास्त्राची स्पर्धा परीक्षा घेतली होती. पहिल्या येणाऱ्याला मुंबईत अकरावी-बारावी आणि वसतिगृह, सगळं मोफत. रूपीला डॉक्टर व्हायचं होतं आणि तिथवर पोहोचायचा दुसरा रस्ताच तिच्यापुढे नव्हता.

"पेपर सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात उत्तरं ताडून पाहिली," ती म्हणाली. "पुस्तक उघडून, एकेक प्रश्न. माझा एकच चुकला. खेकड्याला पाय किती? मी आठवर गोल केला. आम्ही खेकडे पकडतो ना बाई, आधी नांग्या मोडतो, मग पाय. नांगीला कोण पाय म्हणतं? बाकी सगळ्यांनी दहा लिहिलेले. जाम हसले मला."

"पुस्तकात दहाच आहेत. नांग्याही पायांतच धरतात," वसुमतीबाई म्हणाल्या. "पुढे?"

"निकालात मी पार तळाला. दर्शन पहिला, आमच्या पेपरवर देखरेखीला होते त्या ललित सरांचा भाचा. त्याचा एकच चुकला म्हणे."

दुपारी वसुमतीबाई आणि शांताराम तलासरीला गेले. पेपर तपासणाऱ्या कीर्तीताईंनी सगळी पद्धत दाखवली.

"उत्तरपत्रिकेवर नाव नाही, अक्षर नाही, नुसते गोल. परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी घडी घालून कोपऱ्याला टाचणीने लावलेली. मी हा भोकं पाडलेला पुठ्ठा वर ठेवते, भोकांतून दिसतील तेवढे गोल मोजते. चिठ्ठ्या उघडल्या त्या शेवटी, अध्यक्षांच्या समोर."

"गठ्ठा नीट आला होता?"

"लाखेचं सील शाबूत होतं. ललित सर पर्यवेक्षक, त्यांनीच लावलेलं."

बाहेर येताच शांतारामांना साक्षात्कार झाला. "पुठ्ठा उलटा ठेवला असणार!"

"एकट्या रूपीसाठीच? बाकीच्यांचे गुण बरोबर जमलेत, शांतारामभाऊ."

दर्शन सरावलीला घरीच भेटला. पहिला आलेला मुलगा, पण चेहरा उतरलेला.

"खेकड्याच्या प्रश्नाला काय लिहिलंस?"

"दहा. झोपेतसुद्धा सांगेन."

"मग चुकला तो कुठला?"

"नाही माहीत," तो पुटपुटला आणि आत निघून गेला.

ललित सरांनी मात्र चहा मागवला. "एका मुलीची तक्रार आहे," एवढंच वसुमतीबाईंनी सांगितलं.

"घंटा झाली, गठ्ठा बांधला, लाख लावली, तडक तलासरीची एसटी पकडली," सर म्हणाले. "व्हरांड्यात कोण काय बोललं, मला काय ठाऊक? आणि बाई, खेकड्याला आठ पाय मोजणारी पोरगी पहिली येईलच कशी?"

वसुमतीबाईंनी चहा संपवला आणि आभार मानले.

रविवारी बक्षीस समारंभ होता. अध्यक्ष दर्शनचं नाव पुकारणार, एवढ्यात वसुमतीबाई उठल्या.

"साहेब, पहिल्या नंबराची उत्तरपत्रिका उघडा. चुकलेला प्रश्न कोणता?"

अध्यक्षांनी गठ्ठा मागवला आणि चष्मा चढवला. "खेकड्याचा. आठवर गोल आहे."

"आणि रूपीच्या नंबराची?"

"इथे दहा आहेत."

सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"आठ लिहिणारी एकटी रूपी. दर्शन छातीठोकपणे दहा सांगतो. म्हणजे पत्रिका जागच्या जागी आहेत, चिठ्ठ्या बदलल्यात. कीर्तीताईंना सील शाबूत मिळालं आणि चिठ्ठ्या अध्यक्षांसमोरच उघडल्या. म्हणजे अदलाबदल सील लागण्याआधीची. तेव्हा गठ्ठा एकाच माणसाकडे होता. ललित सर, तुम्ही तडक एसटी पकडली नव्हती. व्हरांड्यामागच्या खिडकीत बसून मुलांची उत्तरं ऐकलीत. सगळ्यांत हुशार कोण आणि तिची पत्रिका ओळखायची कशी, दोन्ही तिथेच कळलं. मग टाचण्या काढून भाच्याची चिठ्ठी तिच्या पत्रिकेला लावलीत आणि तिची भाच्याच्या. नाहीतर आठ पायांची गोष्ट तुम्हाला कुठून ठाऊक? मी तर खेकड्याचं नावही काढलं नव्हतं."

"भाच्याने सांगितलं!" सर ओरडले.

दर्शन उभा राहिला.

"मी नाही सांगितलं, मामा. माझे किती चुकले ते त्याच दिवशी मोजलं होतं मी. पहिला येण्यासारखे मार्क नव्हतेच. मी गप्प बसलो, ते चुकलं."

शांतारामांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की बाकीच्यांना वाजवावीच लागली. ललित सर मागच्या दाराने निघाले. तिथे मंडळाचे चिटणीस दार अडवून उभे होते.

अध्यक्षांनी नवं नाव पुकारलं. रूपी मंचावर गेली. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर तिने ते नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि मगच हसली. वसुमतीबाईंना इतका आनंद कुठल्याच प्रकरणात झाला नव्हता.

"दोन शब्द बोल, बाळ," अध्यक्ष म्हणाले.

"बोलते," रूपी म्हणाली. "पण आधी माझ्या बापाला आत येऊ द्या. मघापासून फाटकाबाहेर उभा आहे."

तिचा बाप हाल्या आत आला. कोणीतरी मागची खुर्ची दाखवली. त्याने मंचावरच्या लेकीकडे पाहिलं, आणि सरळ चालत जाऊन पहिल्या रांगेत, मधोमध बसला.