ऑरिनमामाचा दुसरा प्रयोग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्ये हसलात तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

कारण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. इथंच, हॉलीवूडमध्ये. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी.

मामा म्हणजे ऑरिन टॅपस्कॉट. नाव ऐकलं नसेल. तोंड मात्र पाहिलंय तुम्ही. सिनेमात गर्दी मागे सारणारा पोलीस असतो ना? "बघण्यासारखं काही नाही, चला पुढे!" तो मामा. बस्स, तेवढाच. रेडिओवरही तीच गत. पोलीस, दारवान, टॅक्सीवाला. वर्षानुवर्षं!

आणि त्या रविवारी रेडिओच्या नाटकात त्याला एकदाची मुख्य भूमिका मिळाली. जहाजाचा कप्तान!

त्यात सिनेमा कंपनीचे प्रेंटिससाहेब घरी बसून ऐकणार होते. आवडलं तर करार. नाही आवडलं, तर पुन्हा "चला पुढे".

आता एक गोष्ट नीट ऐका. तेव्हा एकच नाटक दोनदा व्हायचं. आधी न्यूयॉर्ककडच्या लोकांसाठी, मग तीन तासांनी आपल्या इकडच्यांसाठी, म्हणजे प्रेंटिससाहेबांसाठीही. दोन्ही वेळा जिवंत, माइकसमोर उभं राहून. रेकॉर्ड लावायची त्या रेडिओ कंपनीत सक्त मनाई.

रेकॉर्ड नव्हतीच... हे विसरू नका.

त्याच दिवशी न्यूयॉर्कची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे सरकली. आपली नाही सरकली. म्हणून आपल्याकडे पाचचा प्रयोग चारला आला. हे मामाच्या लक्षात होतं.

पण पहिला सरकला की दुसराही सरकतो. आठचा सातला येतो.

हे तो विसरला.

पहिला प्रयोग साफ पडला. मामा अडखळला, आवाज चिरकला. दिग्दर्शक रुडनिक सगळ्यांदेखत ओरडला, "अरे टॅपस्कॉट, जहाज चालवतोयस तू! चौकातली वाहतूक नव्हे!"

मामा चरफडत समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. तिथली मॅव्हिस, वाढणारी, एक नंबरची फटकळ.

"काय कप्तान, बुडालं वाटतं जहाज?"

"कॉफी दे. आणि तोंड बंद ठेव."

"देते ना. पण बघण्यासारखं काही नाही, चला पुढे!"

अख्खं हॉटेल हसलं. मामाही हसला. काय करणार? मग तो वाक्यं पुटपुटत बसला. आठला अजून वेळ आहे म्हणून.

बाहेर अंधारायला लागलं.

कपाटावरचा रेडिओ चालूच होता. त्यावर नाटकाचं संगीत सुरू झालं...

मामाचा कप हातातच राहिला. सातचा प्रयोग! त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संपलं सगळं. आता पहिलं वाक्य कप्तानाचं. तिथं कोणीच नसणार. लाखो लोकांना नुसती शांतता ऐकू येणार.

तो ताडकन उठला.

आणि रेडिओवर...

"दोर सोडा रे! वारा फिरलाय!"

मामाचा आवाज.

मॅव्हिसने रेडिओकडे पाहिलं. मग मामाकडे. तिचा चेहरा पांढराफटक.

"तुम्ही... तुम्ही तर इथे आहात ना?"

मामा रस्ता ओलांडून धावत सुटला. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा. लाल दिवा असला की दार उघडायचं नाही, आग लागली तरी. तो काचेला नाक लावून उभा राहिला.

आत माइकभोवती सगळे नट उभे होते. मध्ये एका माणसापुरती जागा सोडून.

जागा रिकामी होती.

पण सगळे त्या जागेकडे बघून बोलत होते. नजरेला नजर देऊन.

रेडिओचे नट वाचून झालेलं पान हळूच खाली सोडतात, कागद वाजू नये म्हणून. त्या रिकाम्या जागेतून...

छातीच्या उंचीवरून...

एक पान तरंगत खाली आलं.

मग दुसरं.

मामाने कोटाचा खिसा चाचपला. त्याची सगळी पानं त्याच्याच खिशात होती.

दिवा विझला. तो आत शिरला, तर रुडनिकने त्याला मिठीच मारली. "कुठे दडवला होतास रे हा आवाज? गाढवा!"

"मी नव्हतो! मी आत्ता आलोय!"

"ऐका, ऐका! साहेब विनयाने बोलतायत!"

सगळे हसले. मामाने खाली पाहिलं. त्या जागी एकही पान नव्हतं.

घरी मामी आनंदाने रडत होती. "ऑरिन, जन्मभर असा का नाही बोललास रे?"



प्रेंटिससाहेबांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मामा बोलला. साहेबांनी मान हलवली.

"हा नाही हो. कालचा आवाज काढा."

पुन्हा बोलला. जीव तोडून.

"छे! काल केलंत ना तुम्ही? मग आज काय झालं?"

पुन्हा. पुन्हा. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो करार समोरच्या टेबलावर पडलेला. आणि मागत होते ते त्याच्याकडे कधी नव्हतंच. शेवटी मामाचा तोलच गेला.

"काल मी बोललोच नाही!"

साहेब खुर्चीतून उठले. "हाच! हाच तो आवाज! आणा पेन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामा मात्र तसाच उभा. तोंड उघडं...

मग त्याने टोपी उचलली आणि चालता झाला. करार तसाच राहिला. त्यानंतर त्याने फक्त न बोलणाऱ्या माणसांची कामं केली. रुडनिक त्याला वेडा म्हणाला. मामी महिनाभर बोलली नाही.

गेल्या रविवारी मी शेवटी विचारलंच. "मामा, मिळत होतं ना रे? मग का सोडलंस?"

मामा हल्ली कुजबुजतच बोलतो. मला कान जवळ न्यावा लागला.

"'काल मी बोललोच नाही' असं ओरडायला तोंड उघडलं होतं रे मी," तो म्हणाला. "पण अजून ओरडलो नव्हतो."