चौथा कप

टेबलावर चार कप होते. तीन रिकामे, चौथा काठोकाठ भरलेला. त्याच्या बशीबाहेर चहाचा ओघळ. शेजारी एक किटली आणि थर्मोकोलचा एक डबा, त्यात बर्फात ठेवलेली दोन पापलेटं. दाराशी एक सुटकेस.

सुटकेस प्रिस्काची. सासूच्या चहात ती काहीतरी घालते, या संशयावरून गास गावातल्या या घरातून तिची आजच माहेरी रवानगी होणार होती.

खासगी गुप्तहेर क्षितिजा पूर्वी मेंदूविकारांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होती. तिने चौथा कप हुंगला.

"सरळ केस आहे," तिचा सहकारी वेदांत कुजबुजला. "सहाला चहा, सातला विषबाधा."

आरोप रेजिनाचा होता. डब्यातली पापलेटं घेऊन ती राजोडीहून तावातावाने आली होती.

"माझी बहीण सकाळी ठणठणीत असते. संध्याकाळी हिचा चहा प्यायली की डोळा मिटतो! माझ्याकडे आठवडाभर होती, नुसती लोळत. एकदम बरी."

"एकदाही त्रास नाही?"

"एकदाच. लग्नघरी तासभर गाणी म्हटली, त्या संध्याकाळी. पण जेवण माझ्या हातचं होतं हां!"

प्रिस्काचा नवरा स्टीवन चाचरत म्हणाला, "चहानंतर रोझरी असते, जपमाळेची प्रार्थना. मम्मीच मोठ्याने सांगते. सुरुवातीला आवाज खणखणीत, शेवटी नाकातून येतो. जेवताना हनुवटीला हाताचा टेकू देते. आम्हाला वाटलं, सवय."

सासू डेल्फिन खुर्चीत बसली होती. उजवी पापणी खाली उतरलेली.

"चहा कोणी सांडला?" क्षितिजाने विचारलं.

"मीच ओतत होते. दोन-दोन कप दिसतात. एक डोळा झाकला की एकच. गार पाण्याने तोंड धुतलं की जरा बरं वाटतं."

"विष धुऊन जातं," रेजिना म्हणाली.

"मावशी, विष काय पापणीला लावतात?" प्रिस्का उसळली. "चहा त्याच किटलीतून मीही पिते. आणि सुटकेस भरलीत ती निदान बघून तरी भरायची! वरची साडी तुमची आहे."

वेदांतला हसू आवरेना.

क्षितिजाने चौथा कप उचलला. "हा डेल्फिनबाईंचा ना?"

"हो. तोंडाला लावायच्या आत मी हिसकावून घेतला," रेजिना म्हणाली.

"म्हणजे आज त्यांनी चहा घेतलाच नाही. तरी पापणी उतरली."



"लग्नघरी प्रिस्काचा चहा नव्हता, तिथे गाणी होती. इथे रोझरी. जेवताना चावणं. दिवसभर उघडे डोळे. स्नायू वापरला की थकतो. झोप, आराम मिळाला की सावरतो. तुमच्याकडे त्या लोळत होत्या मावशी, म्हणून बऱ्या होत्या. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस असावा. औषधं आहेत. आजच मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. गिळताना अडकलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत."

"हे सगळं अंदाजानेच?" रेजिनाचा आवाज बराच खाली आला होता.

"खात्री रक्ततपासणी करेल. पण गार पाण्याने बरं का वाटतं, ते आत्ता बघू. थंडीत तो निरोप जरा नीट पोचतो. बर्फ द्या."

तिने पट्टीने पापण्यांमधली फट मोजली. वेदांतने स्वच्छ पिशवीत बर्फ भरून रुमालात गुंडाळला.

"बाय, तूच धर," डेल्फिनने सुनेचा हात ओढला.

प्रिस्काने मिटलेल्या पापणीवर बर्फ धरला. दोन मिनिटं. तेवढ्यात स्टीवनने सुटकेस उचलून आत नेली.

क्षितिजाने पुन्हा पट्टी धरली.

आधी तीन मिलिमीटर. आता आठ.