घड्याळाच्या दिशेनं

“हा आला बघ पुन्हा... पोरगी ठणठणीत, आणि रांगेत माझ्या पुढे!”

म्हातारी मा ओदाह माझ्या कानाशी कुरकुरली. आमच्या तासिकमालाया गावात असलं कुणी मोठ्यानं बोलत नाही. तीही पुटपुटलीच, फक्त दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं. तिच्या मांडीवर नातू गुडघे पोटाशी घेऊन किंचाळत होता.

दारात यायत उभा. मानानं आम्ही त्याला कांग यायत म्हणतो, मला सगळे तेह एंतिन. केसांत लाकडाचा भुसा, गळ्यातल्या झोळीत त्याची भाची लिलिस. ती माझ्याकडे बघून बोळकं पसरून हसत होती. हिचं पोट दुखतंय म्हणे!

चार महिन्यांपूर्वी मात्र खरंच दुखत होतं. बाळंतीण बहीण इमास जागरणांनी टेकीला आलेली, म्हणून हा रडती पोर घेऊन औषध शोधायला निघाला आणि सरीत सापडून माझ्याच वळचणीला उभा राहिला. तान्ह्यांची पोटं चोळणं हेच माझं काम, आईकडून आलेलं. मी दोघांना आत ओढलं.

“आधी तुमचे खांदे सोडा. धरणारा ताठ, तर बाळ ताठ.”

त्यानं खांदे इतके सोडले की पोर घरंगळायला आली.

“एवढे नाही हो!”

कोमट खोबरेल, त्यात ठेचलेले लाल कांदे. घरी कसं चोळायचं ते दाखवायला मी त्याचा हात बाळाच्या पोटावर ठेवला, वर माझा. “घड्याळाच्या दिशेनं... हलकं... पोर आहे, लाकूड नाही.”

त्यानं हात उलटा फिरवला. मी पुन्हा दाखवलं. त्यानं पुन्हा उलटा फिरवला. लिलिसला मात्र एक खणखणीत वायू सरला आणि ती झोपून गेली.

तेव्हापासून दर सोमवारी हजर. पोर तीन महिन्यांची झाली तेव्हाच रडं थांबलं, याचा हात मात्र उलटाच, आणि दर वेळी वर माझा हात. बरं, माणूस कोण? बायकांच्या लाकडी खडावांवर नखाएवढ्या पाकळ्या कोरणारा! त्याला एक वर्तुळ जमेना? सोमवारी मी धुवट ब्लाउज घालू लागले होते, त्याचाही मला रागच यायचा.

त्या दिवशी झोळी आवरता आवरता तो म्हणाला, “इमास लिलिसला घेऊन शुक्रवारी नवऱ्याकडे निघाली. बाताम बेटावर.”

“बरं.”

“म्हणजे मग... सोमवारी यायला नको.”

“नकोच मग.”

“हं.”

“हं.”

काय बोलायचं असल्या माणसाशी! तो गेल्यावर मी कांदे असे ठेचले की पाटा हलला.

पुढचा सोमवार. मान वर केली तर रांगेत कांग यायत. गळ्यात झोळी. झोळीत बाळ नाही.

सगळ्या बायकांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. एकीनं सरकून जागा दिली. दुसरी तर हळूच विचारते, “झोपली का?”

“हो... आत्ताच,” हा म्हणाला.

त्याची पाळी आली. चटईवर येऊन बसला. माझे हात तेलात.

“कांग, आज कुणाचं पोट दुखतंय?”

“सवय हो, तेह एंतिन... झोळी गळ्यात कधी आली, कळलंच नाही.”

“मग आता?”

“तो हात नीट फिरवायचं... शिकायचं राहिलंय.”

“शिकून चोळणार कुणाला?”

कान लाल करून त्यानं झोळीत हात घातला आणि खडावांचा जोड काढून माझ्यासमोर ठेवला. मी पाय सरकवला. बोटभरही इकडे तिकडे नाही.

“माप कधी घेतलंत?”

“दारात तुमच्या चपला असतात की...”

मग माझी नजर नक्षीवर गेली. मधोमध एक कळी आणि तिच्याभोवती पाकळ्या फिरत गेलेल्या... अगदी बिनचूक, घड्याळाच्या दिशेनं.

“येत होतं तुम्हाला!”

“पहिल्याच दिवशी आलं होतं,” तो चटईला म्हणाला.

“मग चार महिने—”

“चार महिने... म्हणजे... तुमचा हात...”

“काय माझा हात?”

“काही नाही...”

एका पायात खडाव, दोन्ही तळव्यांना तेल, अशी मी बसून राहिले. बायका छताकडे बघत होत्या. तो झोळीची घडी घालून उठायला लागला... या वेळी उठला असता, तर पुन्हा यायला त्याच्याकडे बाळसुद्धा नव्हतं.

“बस खाली!” मा ओदाह कडाडली. कुजबूज नाही, काही नाही. रस्त्यावरच्या सायकलरिक्षावाल्यानंही वळून पाहिलं. “एंतिन, याला तू हवीस. आणि तुला हा हवाय, म्हणून चार महिने हात फिरवायला तू धड शिकवत नाहीयेस. झालं बोलून! आता माझ्या नातवाचं पोट बघतेस का?”