साबणाबद्दलचं चौथं उत्तर

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा पाहू. सुट्टीची दुपार आहे. खिडकीतलं ऊन जेवणाच्या टेबलावर पडलंय आणि तिथे लॅपटॉप उघडून एक आई बसली आहे. लोकांना कोणता साबण आवडतो, हे ती इंटरनेटवरून विचारते. प्रश्नांची यादी करायची, तिची लिंक हजारो लोकांना पाठवायची, आलेली उत्तरं निवडून कंपनीला द्यायची, हे तिचं काम. पण बाहेर पाठवण्याआधी यादी घरातच तपासून बघायची, अशी तिची पद्धत. म्हणून आईने टेबलाशी, बाबांनी सोफ्यावर लोळत आणि नऊ वर्षांच्या टिकलीने फरशीवर पालथं पडून, आपापल्या फोनवर उत्तरं भरली.

तिघांनी. लिंक चौथ्या कुणाला दिलेलीच नव्हती.

लॅपटॉपवर चार उत्तरं आली.

"टिकले, दोनदा भरलंस ना?" बाबा म्हणाले. "साबण लावायचा कंटाळा, पण उत्तरं द्यायला पुढे!"

"एकदाच भरलं. आईशप्पथ!"

आईने चौथं उत्तर उघडलं. घरात माणसं किती? चार. तुमचं वय? अजून नाही. साबणाचा वास कसा वाटतो? दारामागे फारसा येत नाही.

बाबा हसले. टिकली हसली नाही.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी चेष्टा करत असेल. आईलाही तसंच वाटलं. खोटी उत्तरं भरणारे प्रोग्रॅम असतात, आणि त्यांना पकडायची युक्तीही असते. मधेच एक प्रश्न घालायचा: 'हे वाचत असाल, तर निळ्यावर टिचकी मारा.' न वाचता भरणारा तिथेच सापडतो. आईने तो प्रश्न घातला, नवी लिंक केली. तिघांनी पुन्हा भरलं.

पुन्हा चार. चौथ्याने निळाच निवडला होता. वय? नऊ. वास? उशीला छान येतो.

टिकली उठली आणि आईच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. तिच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

"आई, बंद कर ना ते."

"घाबरतेस काय अशी? पाचपर्यंत यादी द्यायची आहे मला. हे बघ, शेवटच्या चौकटीत असं काही लिही, जे फक्त तुलाच ठाऊक आहे. मग बघू कोण नक्कल करतंय ते."

टिकलीने फोन छातीशी धरून, कुणाला दिसणार नाही असं लिहिलं: बाबांच्या कपाचा कान मी तोडला आणि पुस्तकांच्या मागे लपवला.

आई-बाबांनीही पुन्हा भरलं. परत चार उत्तरं. त्यातली दोन अक्षरन्‌अक्षर सारखी. एक टिकलीचं. दुसरं तिच्या दोन मिनिटं आधी आलेलं.

टिकलीची ओळ आपोआप लाल झाली. पुढे शब्द उमटला: नक्कल.

"माझीच का लाल?"

"दोन सारखी आली, की पहिलं ठेवायचं आणि नंतरचं काढायचं. आमच्या कामाचा नियमच आहे तो."

"पण मला ठेव ना, आई."

"वेडाबाई! तू थोडीच कुठे जाणार आहेस? नुसती तपासणी आहे ही."

आणि बोलता बोलता, सवयीने, तिने बटण दाबलं. लाल ओळ गेली. तीन उरली.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता.

मग आईने वळून टिकलीकडे पाहिलं. गोड हसली.

"बाळ, तू कुणाकडे आली आहेस?"

"आई, चेष्टा नको ना."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा सोफ्यावर नीट सावरून बसले, पाहुणं आलं की बसतात तसे.

खोलीतून हाक आली. टिकलीच्याच आवाजात.

"आई, कोण आलंय गं?"

"शेजारची कुणीतरी असेल, टिकले. निघालीच आहे."

टिकलीला रडू फुटत होतं. पण रडलं, तर परक्या पोरीची काढतात तशी समजूत काढतील, एवढं तिला कळलं.

ती दाराशी जाऊन बसली आणि बूट घालू लागली. अगदी हळू. नाडी बांधली, सोडली, परत बांधली. कुणीतरी 'थांब' म्हणावं म्हणून.

आई दार उघडून धरून उभी होती.

टिकलीने नाडी पुन्हा सोडली.