फळ्यांखालचा सुतार

"हसा, हसा. मिलिंदही असाच हसला होता," कमलाकरकाका म्हणाले. लंडनजवळ हाउन्सलोच्या त्यांच्या घरात जेवणं उरकून पोरं ब्लँकेटं ओढून बसली होती. "मेडनहेडचा मिलिंद रे, आपल्या वैभवीचा नवरा. त्याच्याच तोंडून ऐकलंय. मध्ये बोलायचं नाही."

गेल्या ऑक्टोबरात मिलिंद गार्डनमधल्या डेकिंगसाठी, म्हणजे लाकडी ओट्यासाठी, जुन्या फळ्या आणायला एका फार्मवर गेला. फळ्या होत्या शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरसायकल ट्रॅकच्या. अख्खा ट्रॅक लाकडाचा, भिंतीसारखा चढा, आणि गाड्यांना ब्रेकच नाहीत! माणूस पडला की हातभर ढलपी अंगात घुसायची. फळी फुटली तरी रेस थांबायची नाही. डोक्यावरून गाड्या धडधडत असताना सुतार खाली बसून ठोकायचा.

"त्या सुतारानं मालकाला तीनदा सांगितलं होतं, वळणावरच्या फळ्या कुजल्यात," फार्मवाला म्हातारा म्हणाला. "एक रायडर मेला. मालक म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. सुतार तुरुंगात गेला, तिथंच संपला."

एका फळीच्या खालच्या अंगाला सुतारानं कोरलेलं होतं, 'तीनदा सांगितलं.' ते वाचून मिलिंद उगाच मोठ्यानं हसला.

उगाच नाही म्हणा. ऑफिसात तो नेमकं हेच करून बसला होता. त्याच्या हाताखाली वरद नावाचा पुण्याचा मुलगा. बॅकअप होत नाहीये म्हणून वरदनं याला तीन मेल पाठवले. यानं काणाडोळा केला. सगळा डेटा गेला, तेव्हा पठ्ठ्यानं दोघांच्याही खात्यांतून मेल उडवले आणि खापर वरदवर फोडलं. सोमवारी हिअरिंग. नोकरी गेली की वरदचा व्हिसा जाणार, बायकोला सातवा महिना. मिलिंदला हे सगळं ठाऊक होतं. तरी घरी येऊन त्यानं सँडर लावला आणि सुताराची अक्षरं घासून साफ केली, आणि ती फळी डेकिंगच्या मधोमध बसवली. राग येतो मला अजून!

शनिवार, पंचवीस तारीख. घड्याळं तासभर मागे करायची रात्र. वैभवी केंब्रिजला बहिणीकडे गेलेली. पावणेदोनला मिलिंदला जाग आली ती वासानं. एरंडेलाच्या. आम्हाला नाक दाबून पाजायचे, तेच. त्या जुन्या रेसच्या गाड्यांत हेच तेल जळायचं.

मग बाहेरून आवाज. ठक... ठक...

बागेत कोल्हा शिरला असेल, म्हणून तो टॉर्च घेऊन अनवाणी गेला. डेकिंगची मधली फळी निघून बाजूला पडली होती. खाली काळोख. तो वाकला...

घोटा कुणीतरी धरला.

आत पडला तो पाय मोडूनच. टॉर्च विझला. वर फळी सरकली. जागेवर बसली. मग डोक्यावरून गाडी गेली. वळून परत आली. पुन्हा. पुन्हा. धूळ तोंडात.

आणि शेजारी... अगदी कानाशी... कुणीतरी श्वास घेत होतं.

"मी... मला कुणी सांगितलंच नव्हतं," मिलिंद म्हणाला. कुणीही विचारलं नव्हतं.

ठक.

"एकदा. एकदाच सांगितलं त्यानं..."

ठक.

"दोनदा! अहो, सोडा मला!"

ठक.

गाडी थांबली. श्वास मात्र...

"तीनदा," मिलिंद रडत म्हणाला. "तीनदा सांगितलं वरदनं. मी खोटं बोललो."

श्वास कानाशी तसाच. नुसती वाट बघणं.

खिशात फोन होता. त्यानं सगळं लिहिलं आणि अख्ख्या ऑफिसला पाठवलं. तेव्हा कुठं तो श्वास थांबला. पाठोपाठ फोनची बॅटरीही संपली.

रविवारी सकाळी कण्हणं ऐकून शेजारी धावला. फळी निघेना, शेवटी करवतीनं कापली. वरदची नोकरी राहिली. मिलिंदची गेली. पायही सरळ जुळला नाही, काठी लागते.

आणि ती कापलेली फळी मी या हातांनी उलटीपालटी करून पाहिली आहे. तीन खिळे, जुने, चौकोनी. टोकं वरच्या बाजूला आलेली. आतून मारलेले. मिलिंदकडं तर फोन आणि विझलेल्या टॉर्चशिवाय काही नव्हतं...