अंगठीवरची पट्टी

आईच्या बोटातल्या अंगठीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मुलीने फोटो जवळ ओढून पुन्हा पाहिला. मग टेबलापलीकडच्या पोलीस अधिकाऱ्याला विचारलं, "ही पट्टी कोणी लावली?"

"तुमच्याकडची रीत असेल असं वाटलं." त्याचं इंग्रजी तुटक होतं, पण तो सावकाश, शब्द निवडून बोलत होता. "नाही का?"

"नाही."

हॉटेलची ती मीटिंगची खोली होती. फळ्यावर कुणाच्या तरी विक्रीचे आकडे अर्धवट पुसलेले होते. टेबलावर एक छापील कागद होता. नैसर्गिक मृत्यू. खाली सहीची जागा.

या शहरात आईला यायचंच नव्हतं. एकाच हॉस्पिटलात जन्म काढलेल्या चार निवृत्त नर्स, चौघींचा पहिला परदेश प्रवास. वाटेत विमान बिघडलं. विमान कंपनीने रात्रीपुरतं या हॉटेलात आणून सोडलं, प्रत्येकीला एक खोली दिली. सामान विमानतळावरच राहिलं. सकाळी तिघी खाली आल्या, चौथी आली नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली होती.

"पाचच्या आत सही झाली, तर आजच्या विमानाने आईला घेऊन जाता येईल," अधिकारी म्हणाला. "नाही केलीत, तर शवविच्छेदन. मग किती दिवस, सांगता येत नाही."

तीन वाजून गेले होते. मुलगी कोर्टात दुभाष्याचं काम करायची. न वाचता सही केलेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते तिने पुष्कळ पाहिलं होतं.

"दार कोणी उघडलं?"

"सफाईवाल्या बाईने. सात वाजता."

"मैत्रिणी आत गेल्या?"

"नाही. तिने तिघींना दारातच अडवलं. मी येईपर्यंत कोणीही हात लावला नाही. फोटो त्यानंतरचा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदय. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. झोपेतच गेल्या. बघा, किती शांत आहेत."

फोटोत आई उताणी होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. डोळे मिटलेले. चादर छातीपर्यंत, कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या.

"माझी आई आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपली," मुलगी म्हणाली. "पाय पोटाशी घेऊन. तिची हृदयाच्या गोळ्यांची बाटली कुठे सापडली?"

"कपाटात. औषधांच्या पिशवीत."

"ती बाटली कधीच पिशवीत नसे. प्रत्येक कपड्याला आतून खिसा शिवून घेतला होता तिने. आंघोळीला जातानाही बाटली सोबत न्यायची."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं.

"दाराच्या कुलुपात नोंद राहते ना? कार्डाने कधी उघडलं त्याची?"

"राहते. गरज पडली नव्हती."

"आता पडली आहे," मुलगी म्हणाली.

तो रिसेप्शनकडे गेला. ती फोटो, कागद आणि पेन उचलून लॉबीत आली.

तिघी एकाच सोफ्यावर बसल्या होत्या, दोन दिवसांपूर्वीच्याच कपड्यांत. लहानपणी मुलीने त्यांना त्यांच्या कामावरून नावं दिली होती आणि तीच चिकटली. मेट्रनमावशी, सगळ्या नर्सांची प्रमुख, ताठ कण्याची. थिएटरमावशी, ऑपरेशन थिएटरमधली, तोंडाची फटकळ. आणि बाळमावशी, लहान मुलांच्या वॉर्डातली, जिच्या पर्समध्ये अजूनही लिमलेटच्या गोळ्या असायच्या.

"ये गं छकू," बाळमावशीने तिला जवळ ओढलं. "हे काय, रक्त येतंय!"

बॅग ओढताना बोटाचं पेर सोललं होतं. मुलीच्या लक्षातही आलं नव्हतं. बाळमावशीने पर्समधून चिकटपट्टीचा रोल काढला, हातानेच तुकडा फाडला, बोटाभोवती फिरवला आणि टोक दाबून टाकलं.

"माझी कात्री घेतली मेल्यांनी विमानतळावर," थिएटरमावशी म्हणाली. "पट्टी अशी फाडलेली बघवत नाही मला. दोरे लोंबतात. एक रात्र या हॉटेलात आणि तिघींची दैना. सामान तिकडे, आम्ही इकडे, आणि तुझी आई..." ती थांबली. "तिला कायम घाई. पंगतीतून पण आधी उठायची."

"पुरे," मेट्रनमावशी म्हणाली.

"मला विचारायचंय," मुलगी म्हणाली. "आईला शेवटचं कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच. साडेआठला लिफ्टमधून वर आलो," मेट्रनमावशी म्हणाली. "आपापल्या खोलीत गेलो."

"त्यानंतर तिच्याकडे कोणी गेलं होतं?"

तिघींनी नकारार्थी माना हलवल्या.

"प्रत्येक खोलीची दोन कार्डं होती. पोलिसांना आईचं एक दिव्यांसाठीच्या भिंतीतल्या खाचेत सापडलं. दुसरं कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे नाही," मेट्रनमावशी म्हणाली.

"मला माझंच वापरता येत नव्हतं. दोनदा खालून माणूस बोलवला," थिएटरमावशी म्हणाली.

बाळमावशी रोल पर्समध्ये ठेवत होती. "हरवलं असेल गं. तिची पर्स म्हणजे नुसता पसारा."

"जेवताना काही झालं होतं?"

थिएटरमावशीने खांदे उडवले. "सांगून टाका की हो मेट्रन. तुमचं आणि तिचं चांगलंच वाजलं होतं."

मेट्रनमावशीचा चेहरा हलला नाही. "तिला जुनी मढी उकरायची होती. सव्वीस वर्षांपूर्वी चुकीच्या इंजेक्शनने एक पेशंट दगावला. एका शिकाऊ मुलीवर ठपका आला, तिला काढलं. ती मुलगी आता आम्ही निघालो होतो त्या गावात असते. तुझी आई तिला भेटणार होती. आम्हाला हे जेवणाच्या टेबलावर कळलं. मी म्हटलं, चौकशी माझ्या हाताखाली झाली, आता माझं तोंड काळं करू नकोस."

विमानात बसण्यापूर्वी आईने फोनवर सांगितलं होतं: तिकडे एकीला भेटायचंय, माझं एक वाक्य लिहायचं राहिलंय. मुलीला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं. विचारायचं तिनेही पुढे ढकललं होतं.

"कुठल्या वॉर्डात झालं होतं ते?" तिने विचारलं.

मेट्रनमावशीने फक्त शेजारी पाहिलं.

तेवढ्यात अधिकारी आला. त्याच्या हातात कागदाची एक छापील पट्टी होती. "अकरा वाजून वीस मिनिटं. रात्री. दुसऱ्या कार्डाने."

"म्हणजे आई गेल्यानंतर."

"हो." त्याने खुर्ची ओढली. आता तो घाईत दिसत नव्हता.

मुलीने आपल्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं. नखाने तिचं टोक चाचपलं. टोक आत दुमडलेलं होतं, दोन तांदळांएवढी घडी. धरायला सोपी. एका ओढीत पट्टी निघाली, जराही दुखलं नाही.

"मी लहान असताना आईने मला एक गोष्ट सांगितली होती," ती मराठीत म्हणाली. "वॉर्डात माणूस गेलं की नर्स त्याला सरळ निजवते. डोळे मिटते. चादर खोचते. आणि अंगठीवर पट्टी लावते, शवागारात कोणी ती काढून घेऊ नये म्हणून. चाळीस वर्षांत हाताला इतकी सवय होते, की विचार करावा लागत नाही. आईला तसं निजवलं होतं. बाहेरच्या कोणाला हे सुचलं नसतं. तुमच्यापैकीच कोणाला तरी सात वाजायच्या आधी माहीत होतं की ती गेली आहे."

थिएटरमावशीने हात तोंडावर नेला.

"थिएटरमावशी, तू पट्टी कात्रीने कापतेस. कात्री नव्हती, तर दोरे लोंबले तरी असते किंवा तू पट्टी लावलीच नसतीस. मेट्रनमावशी, तुम्ही शेवटची पट्टी कधी लावलीत?"

"मी लावत नसे," मेट्रनमावशी सावकाश म्हणाली. "लावून घेत असे."

मुलीने फोटो टेबलावर ठेवला. आईच्या बोटाजवळ आपली निघालेली पट्टी ठेवली. फोटोतल्या पट्टीलाही टोकाशी तीच घडी होती.

"लहान मुलांना पट्टी काढताना दुखू नये म्हणून टोक दुमडतात. गेलेल्या माणसाला त्याची गरज नसते, बाळमावशी."

बाळमावशीने पर्स उघडली, लिमलेटच्या गोळ्यांच्या तळातून एक कार्ड काढलं आणि फोटोशेजारी ठेवलं.

"तिनेच दिलं होतं," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये. म्हणाली, रात्री मला काही झालं तर तू ये."

"आणि तू कधी गेलीस?"

"साडेनऊला. तिनेच दार उघडलं. मी पाया पडले तिच्या. म्हटलं, माझे जावई, माझी नातवंडं, सगळ्यांत मान आहे गं मला. शिशी मीच चुकीची उचलली होती, ती पोर नुसती ट्रे धरून उभी होती. तुझ्या आईने पाहिलं होतं. रात्रीच्या रिपोर्टात तिने ते वाक्य लिहिलं नाही, माझ्यासाठी. आता म्हणे, लिहून ठेवलंय, त्या पोरीच्या हातात देणार. तू पण सोबत चल म्हणाली. मग तिला कळ आली."

"बाटली?"

"खिशातून काढताना खाली पडली. मी उचलली." बाळमावशी आपल्या तळहाताकडे पाहत होती. "तिने हात पुढे केला होता. मी मनात म्हणत होते, आता उघडते, आता उघडते. झाकण उघडायला कितीसा वेळ लागतो? तिने दोनदा मला नावाने हाक मारली. मग नाही मारली."

थिएटरमावशी उठून काचेपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"माझ्या खोलीत जाऊन बसले. पण ती पलंगाच्या कडेला अर्धी लोंबत होती, डोळे उघडे. तशी कशी ठेवू गं तिला? सगळं आयुष्य बरोबर काढलं आम्ही. म्हणून परत गेले. नीट निजवली. बाटली पिशवीत ठेवली. पट्टी कधी लावली, मला आठवतही नाही."

"लिहिलेला कागद?"

"फाडला. संडासात टाकून पाणी सोडलं."

अधिकारी एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याला त्यातलं काही समजलं नव्हतं. त्याने वही उघडली. "त्या काय म्हणाल्या?"

बाळमावशीने मुलीचा हात धरला. सोललेलं बोट सांभाळून, हलकेच. "छकू, तुला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. तू सही केलीस तर आज तिला घरी नेशील. इथे कापाकापी नको गं तिची. यातलं काय सांगायचं, ते तुझ्याच हातात आहे."

खरंच होतं ते. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कागद समोरच टेबलावर होता, पेनही होतं. आईही एकदा अशीच एका वहीपुढे बसली असेल, हातात पेन घेऊन, याच मैत्रिणीकडे पाहत.

मुलीने आपला हात सोडवून घेतला. सहीचा कागद उलटा करून बाजूला सारला.

"लिहून घ्या," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "सव्वीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागेल."

ती कोर्टात बोलायची तशी बोलली, आवाज न चढवता, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. शिशी मीच चुकीची उचलली होती. आता उघडते, आता उघडते. दोनदा नावाने हाक मारली. तिथे तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. ती थांबली, पाणी प्यायली आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तिने एकही वाक्य गाळलं नाही.